रानफुलांची ओळख : चित्र, लक्षण आणि नाव



या स्मृतिव्याख्यानासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते त्या गुरुजींनी या शाळेत चित्रकला आणि सृष्टिनिरीक्षण असे दोन्ही विषय शिकवले. झाडाचे पान काढायचे ते पुढून आणि मागून असे दोनदा काढायचे, हा त्यांचा दंडक होता. त्या दंडकामागचा विचार माझ्या आजच्या विवेचनात ओघाने येईलच.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने रानफुलांवर का बोलावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. माझे आयुष्य जुन्या पोथ्यांचे पाठ जुळवण्यात आणि शब्दांची कुळे शोधण्यात गेले. परंतु छायाचित्रावरून एखादी लहानशी रानवनस्पती ओळखणे हे काम मला पोथी वाचण्यासारखेच वाटते. पोथीचे एखादे पान गहाळ असते, कुठे अक्षर पुसलेले असते, कुठे लेखनिकाने आपल्या समजुतीप्रमाणे शब्द बदललेला असतो. जे उरले आहे त्यावरून मूळ पाठ कोणता हे ठरवायचे असते. छायाचित्रातही काही दिसते, काही झाकलेले राहते आणि काही उगाच उजळून निघते. शिवाय वनस्पती ओळखली म्हणजे तिचे नाव सांगितले, आणि नाव म्हटले की भाषा आलीच. तेव्हा या प्रांतातला माझा प्रवेश अगदीच अनधिकाराचा नाही, असे मानून पुढे जातो.

आषाढ सरत आला की आपल्या बेळगावच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि त्यापलीकडे आंबोलीच्या सड्यांवर, जांभ्या दगडावर साचलेल्या बोटभर मातीत फुलांचा मेळा भरू लागतो. सीतेची आसवे, गेंद, नभाळी, तेरडा, कवला आणि पुढे भाद्रपदात सोनकी. यांतील बहुतेकांचे आयुष्य एका पावसाळ्याचे. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशात समावेश झाला, आणि अशी फुले पाहायला जाणाऱ्यांची संख्या सगळीकडेच वाढली. प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. एका रविवारी शंभर छायाचित्रे घेऊन तरुण मंडळी घरी परततात आणि मग प्रश्न पडतो की हे फूल कोणते? कोणी जाणकाराला चित्र पाठवतो, कोणी मोबाईललाच विचारतो. उत्तर येते, पण ते खरे कशावरून, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आज मला त्या प्रश्नाचाच विचार करायचा आहे.

चित्रावरून वनस्पती ओळखण्याची ही रीत काही आजची नव्हे. सतराव्या शतकात मलबारचा डच प्रशासक हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तेथील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. ‘होर्तुस मलबारिकुस’ या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅममध्ये छापले गेले. त्यात सातशेहून अधिक चित्रे आहेत. हे ज्ञान ज्यांनी दिले त्यांत इट्टी अच्युतन् हे मलबारी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. कोचीनला वसलेल्या कोकणी समाजातले हे तिघे. त्यांनी १६७५ साली दिलेले कोकणी भाषेतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. एवढेच नव्हे, तर त्या चित्रांवर वनस्पतींची नावेही इतर लिप्यांबरोबर नागरीत कोरलेली आहेत. चित्राशेजारी स्थानिक नाव असलेच पाहिजे, हे त्या ग्रंथकर्त्याला साडेतीनशे वर्षांपूर्वी उमगले होते.

या ग्रंथाचे पुढे जे झाले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. आधुनिक वनस्पतिनामांचा पाया घालणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयस भारतात कधीच आला नाही. १७५३ साली त्याने जगातील वनस्पतींची जी मोठी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात आपल्याकडच्या अनेक वनस्पतींना नावे देताना त्याने ऱ्हेडेच्या चित्रांचा आधार घेतला. म्हणजे आपल्या पायाखालच्या कित्येक वनस्पतींची शास्त्रीय नावे चित्र पाहून ठेवली गेली आहेत. तथापि चित्रातली वनस्पती नेमकी कोणती, याविषयी पुढे शंका निघत राहिल्या. त्या मिटवण्यासाठी विसाव्या शतकात केरळचे प्रा. के. एस. मणिलाल यांनी आयुष्याचा मोठा भाग खर्च केला. ऱ्हेडेच्या माणसांनी जिथून वनस्पती गोळा केल्या त्या प्रदेशात ते हिंडले, त्या वनस्पती त्यांनी नव्याने गोळा केल्या आणि चित्राशी ताडून पाहिल्या. त्यांचा इंग्रजी अनुवाद २००३ साली प्रसिद्ध झाला. चित्र कितीही उत्तम असले तरी निवाड्यासाठी पुन्हा त्या मातीत जावे लागते, हा त्या परिश्रमांचा धडा आहे.

याच्या उलट टोकाला आपल्या मुंबई इलाख्याचा ग्रंथ आहे. थिओडोर कुक या गृहस्थांनी १९०१ ते १९०८ या वर्षांत मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले. ते पेशाने अभियंता आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पानाची कड, देठाची लव, फळाचा आकार, बीजाचा पृष्ठभाग, सारे शब्दांत सांगून त्यांनी प्रत्येक वनस्पती जिथे सापडली ते ठिकाण आणि जिने ती गोळा केली ती व्यक्ती नोंदवली. त्यात बेळगावचे नाव ठायी ठायी येते आणि त्यापुढे रिची या संग्राहकाचे. ऱ्हेडेचा ग्रंथ चित्राचा, कुकचा ग्रंथ लक्षणांचा. अलीकडे, २००१ साली, श्रीकांत इंगळहळीकर यांचे सह्याद्रीतील फुलांचे छायाचित्रांसह पुस्तक आले, तेव्हा सामान्य हौशी माणसाच्या हाती या दोन परंपरांची सांगड सुटसुटीत रूपात आली.

आता लक्षणाकडे वळू. आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. ‘जिला शिंगे असतात ती गाय’ म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘जी तांबूस रंगाची ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय वगळली जाते, ही अव्याप्ती. ‘जिचा खूर अखंड ती गाय’ म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. विद्यार्थी हे तर्काचे धडे म्हणून पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण छायाचित्रावरून वनस्पती ओळखताना होणाऱ्या बहुतेक चुका पहिल्या दोन दोषांत चपखल बसतात.

‘निळे, नाजूक, पावसाळी फूल’ हे लक्षण घ्या. आपल्याकडे एकाच कुलातल्या तीन वनस्पती या वर्णनात बसतात. केन्याच्या फुलात वरच्या दोन पाकळ्या मोठ्या व निळ्या, तिसरी लहान आणि फिकट. आणि फूल एका दुमडलेल्या, नाळक्यासारख्या पानातून वर येते. मुर्डानिया या प्रजातीत तिन्ही पाकळ्या जवळजवळ सारख्या. नभाळीत पुंकेसरांच्या दांड्यांवर निळसर लोकर असते, आणि फुलाला त्यामुळे पिंजल्यासारखे रूप येते. तिघांचे समोरून, दुरून घेतलेले चित्र एकच वाटेल. जवळून घेतलेल्या एका चित्राने वाद मिटतो. जाता जाता सांगतो, केन्याच्या शास्त्रीय नावात कोमेलिन या डच घराण्याची आठवण आहे. त्या घराण्यातले दोघे नामवंत वनस्पतिज्ञ झाले, तिसरा काही कर्तृत्व दाखवण्याआधीच वारला. म्हणून दोन ठळक आणि एक फिकट पाकळी असलेल्या वनस्पतीला आपण हे नाव दिले, असे लिनीयसने सांगितले आहे. त्या दोघांपैकी थोरले यान कोमेलिन यांनी ऱ्हेडेच्या ग्रंथाच्या काही खंडांना टिपा लिहिल्या होत्या.

‘वीतभर उंचीचे झुडूप’ हे लक्षण अव्याप्तीचे. सड्यावर दोन बोटे उंचीची वनस्पती खतावलेल्या शेताच्या बांधावर गुडघ्याला लागते. छायाचित्रात तर उंची कळतच नाही. मोहरीएवढे फूल चित्रात तळहाताएवढे दिसते. म्हणून चित्र घेताना शेजारी एखादे नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी. रंगाचेही तेच. निळ्या-जांभळ्या छटा कॅमेऱ्यात बदलतात, ढगाळ हवेत आणखी बदलतात. रंग हे ओळखीचे पहिले आमंत्रण समजावे, पुरावा समजू नये.

आणखी एक मोठा घोटाळा असतो तो ‘फूल’ या शब्दाचा. सोनकीचे किंवा एकदांडीचे आपण जे एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचा एकत्र बांधलेला गुच्छ असतो. सूर्यफुलाच्या कुलाचे हे वैशिष्ट्य. अशा वनस्पतींची ‘पाकळ्या किती’ ही मोजदाद फारशी उपयोगाची नसते. त्या गुच्छाच्या पाठीला लागलेल्या हिरव्या पानांची रचना महत्त्वाची असते. ती दिसायची तर फुलाच्या मागून चित्र घ्यावे लागते.

पाठीमागे पाहण्याचे महत्त्व सर्वांत चांगले शिकवते ती भुईआवळी. वरून घेतलेल्या चित्रात आवळ्यासारख्या पानांच्या डहाळ्या तेवढ्या दिसतात. फूल नाही, फळ नाही. डहाळी उलटी केली की पानांच्या खाली ओळीने टांगलेली इवली फुले आणि फळे दिसतात. या प्रजातीच्या अनेक जाती आपल्या अंगणात उगवतात. औषधासाठी सामान्यतः घेतली जाते त्या जातीच्या फुलाला पाच दले आणि फळ गुळगुळीत, लहानशा देठावरचे. तिची बहीण शोभेल अशा दुसऱ्या जातीला दले सहा, आणि फळ खरबरीत, जवळजवळ देठावाचून डहाळीला चिकटलेले. हा सगळा भेद पानाच्या आड लपलेला. पान दोन्ही बाजूंनी काढा, या गुरुजींच्या दंडकाचा अर्थ इथे स्पष्ट होतो. तेरड्याचेही असेच. गुलाबी तेरड्यांच्या जाती अनेक. त्यांचा निवाडा फुलाच्या मागच्या शेपटीची लांबी आणि पानांची मांडणी पाहून होतो. समोरून टिपलेल्या सुंदर मुखड्यात ती शेपटी नेमकी अदृश्य असते.

तेव्हा एका फुलाचे एक चित्र पुरत नाही. निदान पाच हवीत. पहिले, संपूर्ण वनस्पती तिच्या जागेसह : खडक, पाणथळ, बांध की रस्त्याची कड. दुसरे, खोड आणि त्यावरची पानांची मांडणी. पाने समोरासमोर की एकाआड एक, खोड गोल की तुळशीसारखे चौकोनी. तिसरे, पानाची मागची बाजू. चौथे, फूल समोरून, बाजूने आणि मागून. पाचवे, फळ, आणि फळ धरले नसेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच जागी जाऊन. याखेरीज तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवावे, कारण केना आणि नभाळी दुपारपर्यंत मिटून जातात, आणि सकाळी आठचे व दुपारी दोनचे चित्र दोन वेगळ्या वनस्पतींचे वाटू शकते.

हे सारे करूनही काही वनस्पती चित्रावरून ओळखता येत नाहीत. गेंद घ्या. पांढऱ्या गोल बटनांसारखे हे फुलोरे पाणथळ सड्यावर हजारोंनी उभे राहतात. त्यांच्या जाती पुष्कळ, आणि त्यांतला फरक पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखाली फुलांचे भाग व बिया पाहिल्याशिवाय कळत नाही. अशा वेळी ‘हा गेंद आहे, जाती सांगता येत नाही’ हेच उत्तर शास्त्रशुद्ध होय. पाठचिकित्सेत एखादे अक्षर लागत नसेल तर संपादक तिथे रिकामी जागा सोडतो. आपला शब्द घुसडत नाही. प्रजातीपर्यंत जाऊन थांबणे ही अपूर्णता नव्हे, तो संपादकाचा प्रामाणिकपणा आहे.

इथवर डोळ्यांना जे दिसू शकते त्याचा विचार झाला. आता जे छायाचित्रात येऊच शकत नाही त्याकडे वळतो, आणि इथे माझ्या स्वतःच्या विषयात येतो. वास, चीक, रस, स्पर्श, आणि काळाच्या ओघात वनस्पतीत होणारे बदल हे चित्रात मावत नाहीत. ते कुठे साठवलेले आहेत? आपल्या लोकभाषेतील नावांत.

‘घाणेरी’ हे नाव वासाचे आहे. ‘लाजाळू’ स्पर्शाचे. ‘दुधी’ हे नाव खोड मोडले की येणाऱ्या पांढऱ्या चिकाचे. ‘पुनर्नवा’ हे तर काळाचे नाव : उन्हाळ्यात वाळून गेलेली ही वनस्पती पावसाबरोबर जुन्या मुळातून पुन्हा नवी होते, ही गोष्ट कळायला एकाच जागेकडे दोन ऋतू पाहावे लागते. एकदांडीचे नाव लांब, एकट्या दांड्यावर डोलणाऱ्या फुलोऱ्यावरून आलेले. ही वनस्पती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, आपल्याकडे आलेली पाहुणी. तरी शेतकऱ्याने तिला पाहिले, पारखले आणि मराठी नाव दिले. ‘द्रोणपुष्पी’ म्हणताना ज्याने पळसाच्या पानाचा द्रोण हाताळला आहे त्याला फुलाचा आकार लगेच कळतो. माक्याचे पान चुरडले की रस काळा पडतो, ही ओळखीची खूण नावात नसली तरी नावाबरोबर आजीकडून नातीकडे जाते. प्रत्येक नाव हे एक आटोपशीर लक्षण आहे, आणि ते कुणीतरी पाहून, हुंगून, चुरडून ठरवले आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कवला. सड्यावर पिवळ्या फुलांनी उठून दिसणारी ही वनस्पती. हिच्या काही जातींत पाकळ्यांवर तांबडे ठिपके असतात, आणि छायाचित्रे घेणाऱ्या तरुण मंडळींनी तिला ‘मिकी माऊस’ असे नाव दिले आहे. नाव गमतीचे आहे, त्याला माझा विरोध नाही. परंतु त्यातून दोन दृष्टींमधले अंतर दिसते. गावातली बाई कवला ओळखते ती फूल येण्याआधी, कारण कोवळ्या पाल्याची भाजी करायची असते. फूल येईतो पाला जून होऊन जातो. शहरातला माणूस तीच वनस्पती ओळखतो ती फूल आल्यावर, कारण त्याआधी त्याला ती दिसतच नाही. एकीच्या ओळखीला फुलाची गरज नाही, दुसऱ्याच्या ओळखीला पानाची जाण नाही. कुर्डूची आणि टाकळ्याची गोष्टही अशीच. छायाचित्र वनस्पतीच्या आयुष्यातील एक क्षण टिपते. लोकनाम तिचे सबंध आयुष्य ध्यानात घेते. म्हणून चित्र आणि नाव यांची गाठ घालणे हेच आपल्या पिढीचे खरे काम आहे, असे मला वाटते.

लोकनामांनाही त्यांचे दोष आहेत, हे सांगितले नाही तर एकांगीपणा होईल. ‘ब्राह्मी’ हे नाव घ्या. या एका नावाखाली दोन वनस्पती वावरतात. एक बाकोपा : पाणथळ जागी पसरणारी, लहान, मांसल, समोरासमोरची पाने, फिकट निळसर पाच पाळ्यांचे फूल. दुसरी सेंटेला, जिला संस्कृतात मंडूकपर्णी म्हणतात : लांब देठावरचे गोलसर, कातरलेल्या कडेचे पान, आणि जमिनीलगत दडलेली सूक्ष्म लालसर फुले. दोघींत दिसण्याचे साम्य काहीच नाही, फक्त नाव एक. ‘शंखपुष्पी’चे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे. उत्तरेत एक, केरळात दुसरी, आपल्याकडे कधी विष्णुक्रांता तर कधी गोकर्ण. अशा ठिकाणी शास्त्रीय नावाला पर्याय नाही. शास्त्रीय नाव हे वनस्पतीचे दप्तरातले नाव आणि लोकनाम हे घरातले. दोन्ही ठाऊक असलेल्या माणसालाच तिची पुरती ओळख असते.

आपण सीमाभागात राहतो. इथे दोन भाषा एकाच बांधावर भेटतात, आणि वनस्पतींच्या नावांत त्या भेटीचे सुंदर पुरावे आहेत. मराठीत जी भुईआवळी, तीच कन्नडमध्ये ‘नेलनेल्ली’. नेल म्हणजे भुई, नेल्ली म्हणजे आवळा. कुणी कुणाचे भाषांतर केले हे सांगणे अवघड; कदाचित कुणीच केले नसेल, दोघांनी खाली वाकून एकच गोष्ट पाहिली असेल. सेंटेलाला कन्नडमध्ये ‘ओंदेलग’ म्हणतात, म्हणजे एक पान असलेली. आणि कोकणी बोलणारे तिला ‘एकपानी’ म्हणतात. तुंबा आणि ‘तुंबे’ यांत तर शब्दही एकच. आघाड्याला कन्नडमध्ये ‘उत्तराणी’ म्हणतात आणि माक्याला ‘गरग’, ही नावे मात्र स्वतंत्र. माझ्या मते एखाद्या वनस्पतीची नोंद करताना या भागातील विद्यार्थ्याने ती सगळी नावे लिहावीत. जिथे ‘ब्राह्मी’ हा मराठी शब्द संशय निर्माण करतो तिथे ‘ओंदेलग’ हा कन्नड शब्द तो फेडतो. शेजारच्या भाषेकडून मिळालेला असा पुरावा नाकारण्यात कोणाचे हित आहे?

आता मोबाईलमधील साधनांविषयी. चित्र दाखवताच नाव सांगणाऱ्या या सोयी उपयोगी आहेत; मी स्वतः त्या वापरतो. परंतु ती साधने शिकली आहेत ती त्यांना दाखवलेल्या चित्रांवरून. जी वनस्पती जगात लाखो वेळा टिपली गेली ती त्यांना लगेच कळते. जी फक्त आपल्या सड्यांवर पंधरा दिवस फुलते, तिच्या जागी ती दुसरीच एखादी दिसायला जवळची वनस्पती पुढे करतात, आणि तेही तितक्याच आत्मविश्वासाने. म्हणून त्यांचे उत्तर हा तपासाचा आरंभ मानावा. त्या नावाची लक्षणे काढावीत आणि एकेक ताडून पाहावीत. एक जरी लक्षण ठामपणे विरुद्ध गेले तर नाव सोडून द्यावे.

ही सावधगिरी केवळ पांडित्याची बाब नाही. घोळीची भाजी आपण सारे खातो. जमिनीवर पसरलेली, तांबूस खोडाची ही वनस्पती, आणि तशीच जमिनीवर पसरलेली, तांबूस खोडाची लहान दुधी, या दोघी एकाच अंगणात शेजारी उगवतात. वरून घेतलेल्या चित्रात त्यांची गल्लत सहज होते. घोळीचे पान जाड व रसाळ, दुधीचे पातळ. आणि निर्णायक खूण अशी की खोड मोडले असता दुधीतून पांढरा चीक येतो, घोळीतून येत नाही. हा चीक अपायकारक असतो. छायाचित्रात खोड मोडता येत नाही! २०२२ साली गुळवेलीच्या बाबतीत आयुष मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वनस्पती अपाय करू शकतात. म्हणून माझे विद्यार्थ्यांना निक्षून सांगणे आहे : केवळ छायाचित्रावरून ओळखलेली कोणतीही वनस्पती तोंडात घालू नये, कुणाला औषध म्हणून सुचवू नये. आपल्या बेळगावातच २००६ पासून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची संस्था आहे, आणि पारंपरिक औषधी वनस्पती हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. महाविद्यालयांतून वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत. शंका असेल तिथे जाणकाराला प्रत्यक्ष वनस्पती दाखवावी.

आणि आता ज्या गोष्टीची मला खरी चिंता वाटते तिच्याकडे येतो. चित्रे वाढत आहेत आणि नावे कमी होत आहेत. तणांची नावे खुरपणीला बसलेल्या बायकांच्या तोंडी असत. एका सरीत बसून चौघी जणी बोलत बोलत तण काढीत. कोणते गुरांना घालायचे, कोणते भाजीला घ्यायचे, कोणते फेकायचे, हे त्या बोलण्यातच ठरे आणि शेजारी बसलेली मुलगी ते ऐकत असे. आता तणनाशक फवारले की सारे तण एका नावाचे होते : ‘तण’. ज्याला वेगळे करण्याची गरज उरली नाही त्याला वेगळे नावही उरत नाही. खानापूर-चंदगड भागात रानभाज्या विकायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना पन्नास-पन्नास वनस्पती पानांवरून ओळखता येतात, पण ती ओळख कुठल्याही पुस्तकात नाही आणि कुठल्याही मोबाईललाही ती अजून कोणी शिकवलेली नाही. पोथी जळाली तर कधी तिची दुसरी प्रत तरी सापडते. या नावांची प्रत कुणी केलेलीच नाही.

म्हणून या शाळेपुढे एक सूचना ठेवतो. विद्यार्थ्यांनी एक नोंदवही सुरू करावी. प्रत्येक वनस्पतीला दोन पाने. पहिल्या पानावर छायाचित्रे, पाचही बाजूंनी घेतलेली, तारीख आणि ठिकाणासह. दुसऱ्या पानावर नावे : मराठी, कन्नड, कोकणी, जितकी मिळतील तितकी, ते नाव कोणी सांगितले, सांगणाऱ्याचे गाव कोणते, ती वनस्पती कशी ओळखावी असे त्याने सांगितले आणि ती कशासाठी वापरतात. सांगणारी आजी असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत. ‘शुद्ध’ करू नयेत. शास्त्रीय नावासाठी जागा राखून ठेवावी आणि जाणकाराने खात्री दिल्यावरच ती भरावी. तोवर ती रिकामी राहिली तरी चालेल. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज पुण्याला, गोव्याला किंवा परदेशात आहेत, त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून पाच नावे तरी या वहीत लिहून द्यावीत. सड्यावर जाल तेव्हा मात्र खडकावरून चालावे, मातीवरून नव्हे. बोटभर मातीतले ते जग एका पावलाने चिरडते. आणि नमुना म्हणून उपटून काहीही आणू नये. चित्र घेण्याचा मोठा लाभ हाच की ओळख पटते आणि वनस्पती जागच्या जागी राहते.

आपल्या भाषेत ‘ओळख’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. ओळख पटते आणि ओळख होते. आरोपीची ओळख पटते, नव्या शेजाऱ्याशी ओळख होते. यंत्र पहिल्या प्रकारची ओळख काही क्षणांत करून देऊ शकते. दुसरी ओळख व्हायला पान उलटावे लागते, पंधरा दिवसांनी पुन्हा जावे लागते, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे विचारावे लागते. या वहीच्या पहिल्या पानावर येत्या पावसाळ्यात पहिली नोंद व्हावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.